काठीनं सरकवलेला डबा

आमच्या भुजंगाची एक खोड मला ठार पटत नाही. तांब्याभर पाणी मागतो, उभ्या-उभ्या निम्मं पितो आणि उरलेलं अंगणात भिरकावतो. सगळ्या बोरखडीत बाया घागरीच्या बुडाचं पाणी फडक्यानं टिपून लेकराच्या ओठाला लावतात, आणि आमचा जमादार मातीला पाणी पाजतो. एकदा म्हणलं, "बाबा, ढोरंसुदिक असं करत न्हाईत." तर म्हणतो, "आई, तोंडात कायतरी येतं." काय येतं ते मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच पटत नाही.

मी नागुबाई. शाळा मी एक पावसाळा केली, तीही निजामाच्या राज्यात. सही करते, पण तेवढ्यात समोरच्यानं चहा पिऊन घ्यावा. नवरा गेल्यावर शेत बटईनं लावलं आणि पोराला पोलिसात घातलं. आमची बोरखडी मुखेड आणि जळकोटच्या मधल्या माळावर आहे. नवा जिल्हा झाला तेव्हा ती लातुराकडं गेली आणि कंधाराकडचं माझं माहेर नांदेडात राहिलं. जिल्हा नवा म्हणून सगळंच नवं आलं: नवं ठाणं, नवी जीप, नवे फौजदार. पाऊस तेवढा जुनाच राहिला, म्हणजे आलाच नाही.

विहिरी आटल्या आणि स्टँडापाशी टँकर यायला लागला. कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. उन्हात माणूस किती उभं राहणार? म्हणून माणसाच्या जागी भांडी उभी राहायची. घागरी, कळश्या, तेलाचे पत्र्याचे डबे, कुणाच्या कडीला तांबडा दोरा, कुणाच्या बुडाला डांबराचा ठिपका. माणसं आपापल्या कामाला जायची आणि भांडी आपली उन्हात ताटकळत बसायची.

ह्या रांगेला कायदा होता. जो जाग्यावर असेल त्यानं जो नसेल त्याचं भांडं पुढं सरकवायचं. आणि पाळीला आलेलं भांडं रिकामं जाऊ द्यायचं नाही. धनी हजर नसला तरी भरायचं आणि बाजूला ठेवायचं. हा कायदा कुणी लिहिला नव्हता, म्हणून कुणी मोडलाही नव्हता.

रांगेचा राखणदार होता लिंबाजी. पूर्वी स्टँडावर हमाली करायचा. एका डोळ्यात फूल पडलं, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला, तेव्हा पोती सुटली. तो बौद्धवस्तीतला. नामांतराच्या दंगलीत गावाकडं त्याचं घर जाळलं, म्हणून बायकोला, पंचफुलाला घेऊन इथं आला होता. दिवसभर लिंबाच्या सावलीला बसून तो रांग सांभाळायचा. त्याच्या हातात बोरीची काठी असे. आपल्या वस्तीतली भांडी तो हातानं सरकवायचा, आमच्या गल्लीतली काठीच्या टोकानं. ज्या भांड्याची ओळख पटत नसे त्यालाही काठीच. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ह्या दुष्काळात कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आधी सांगून झालं होतं.

एकदा मी म्हणलं, "लिंबाजी, तुझ्या काठीनं माझ्या घागरीला पोचा पडला की."

"मग हातानं सरकवू का, पाटलीणबाय?"

मी पदर सावरला आणि टँकरच्या वाटेकडं पाहायला लागले.

तो हसला. "पडू द्या पोचा. घागर तुमची, पोचाबी तुमचाच."

नव्या ठाण्याच्या उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले. स्टँडासमोर मंडप उभा राहिला. ते दिवस बॉम्बचे होते. दिल्लीकडं कुठं ट्रान्झिस्टर फुटला, कुठं डबा फुटला, असं रेडिओवर यायचं. आमची नवी जीप भोंगा लावून गल्लीगल्लीतून फिरली, "अतिरेक्यांपासून सावध राहा. बेवारस डबा, पिशवी दिसली तर हात लावू नका. पोलिसांना कळवा."

शेजारची उमाबाई म्हणाली, "अगं बया! मग आपली सारी रांगच बेवारस हाय की."

बाया हसल्या. मीही हसले.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच फौजदार आला आणि काठी आपटून म्हणाला, "ही भांडी उचला इथून. साहेब मंडळी येणार."

मी म्हणलं, "उचलू की. पर पाळी मोडली तर मंत्र्याच्या म्होरं बाया एकमेकीच्या झिंज्या उपटतील. ते फोटूत बरं दिसंल का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, भांड्यांकडं पाहिलं. मग भुजंगाला बोलावून म्हणाला, "जमादार, रांग तुमच्याकडं. एकेक भांडं आत बघून घ्या. नवीन आलं की तेही बघा. इथून हलायचं नाही."

भुजंगानं सकाळी काम चोख केलं, खोटं कशाला बोलू? वाकून वाकून प्रत्येक घागरीत पाहिलं. उमाबाईच्या कळशीत झुरळ निघालं तर म्हणाला, "मावशे, ह्याला अटक करू का?" माझा पोरगा हसतमुख होता तेव्हा.

मग मोठ्या साहेबांची गाडी आली. नव्या जिल्ह्यात बढत्या निघणार अशी वार्ता होतीच. भुजंगानं टोपी नीट केली, बकलावरून बोट फिरवलं आणि मंडपाच्या पुढच्या खांबाला जाऊन उभा राहिला, साहेबाच्या नजरेला पडावं म्हणून. मला त्याची पाठ दिसत होती. त्याला रांग दिसत नव्हती.

त्याच गर्दीत कधीतरी तो डबा रांगेत आला. पंधरा लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा, वर ताटली, ताटलीवर दगड. कुणी ठेवला ते मी पाहिलं नाही. डबा दिसला तेव्हा तो दोन कळश्यांच्या मधी असा बसला होता, जसा काय जन्मापासून आमच्याच रांगेत आहे. ठेवणारानं जागा बरोबर हेरली होती. मंडपाला अगदी लागून, आणि तिथं एक भांडं जास्त झालं तर कोण विचारणार?

टँकर आला. रांग हलली. लिंबाजी काठीनं डबा ढकलत ढकलत पुढं आणत होता. नळीपाशी डब्याची पाळी आली तेव्हा तो ओरडला, "हा डबा कुणाचा हाय? अहो, डबा कुणाचा?"

कुणी ओ दिली नाही. सगळ्यांचं ध्यान मंडपाकडं. ड्रायव्हर कावला, "भरता का जाऊ?"

लिंबाजीनं मला विचारलं, "काय करू, पाटलीणबाय?"

"भर की. पाळी आलीय त्याची."

त्यानं काठीनं दगड पाडला, काठीनंच ताटली ढकलली आणि रबरी नळीचं तोंड आत सोडलं. थोड्या वेळानं मान तिरकी करून म्हणाला, "आवाज बद्द येतोय. बुडाशी कायतरी हाय."

"चिंध्या असत्याल. कुणीतरी धुणं भिजवाया आणलं असंल. तू भर."

डबा भरत आला तसे त्यातून बुडबुडे आले आणि एक तार वर आली. लिंबाजीला ती दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसली, पण मला काय कळणार तारेतलं? ड्रायव्हरला कळलं. तो फौजेतून आलेला होता. नळी टाकून असा पळाला की चप्पल तिथंच राहिली. "बॉम्ब! बॉम्ब हाय!" मग जे झालं ते झालं. मंडप आडवा पडला, पोरं तुडवली गेली, मंत्र्याची गाडी आल्या पावली फिरली. लिंबाजी तेवढा तिथंच उभा होता, वाहत्या नळीकडं कान लावून. "अरं, कुणी पाणी बंद करा! पाणी वाया चाललंय!"

नांदेडाहून माणसं आली. त्यांनी वाळूची पोती लावली, आम्हाला लांब हाकललं आणि डबा उघडला. त्यातला एकजण ड्रायव्हरला म्हणाला ते मी ऐकलं. पाणी आत गेलं नसतं तर मंडप, स्टँड आणि ही रांग, कशाचाच पत्ता लागला नसता.

मला वाटलं, आता लिंबाजीच्या गळ्यात हार पडतो.

त्याच्या मनगटात बेडी पडली.

फौजदाराचं म्हणणं असं, की बॉम्बमधी पाणी घालायचं हे साध्या माणसाला कसं सुचेल? ह्याला आतलं ठाऊक होतं. ऐन वेळी भ्याला आणि पाणी घातलं. शिवाय ह्याचं घर जाळलेलं, मनात राग असणारच. घर जाळलं कुणी, त्यांच्या मनात काय होतं, ते कुणी विचारलं नाही. आमच्या गल्लीत पोलिसांनी दारात उभं राहून चौकशी केली. लिंबाजीच्या वस्तीत ते आत शिरले. कणग्या उलथ्या केल्या, गाद्या फाडल्या. रांगेतली सगळी भांडी जप्त करून ठाण्याच्या आवारात ढीग लावला. नवा हुकूम निघाला, की ज्याचं भांडं त्यानंच धरून उभं राहायचं, दुसऱ्याच्या भांड्याला हात लावला तर आत. तेव्हापासून बाया उन्हात उभ्या राहतात. उमाबाई रांगेतच कोसळली, ती अजून उठून बसत नाही.

पंचफुला आमच्या दारात आली. पायरीच्या खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "पाटलीणबाय, तुमच्या जमादारानं सांगितलं म्हणं, की त्येनं डोळ्यानं बघितलं. आमचे मालक वस्तीतनं डबा हातात धरून आले आन रांगेत ठिवला म्हणून."

माझी सून सिंधू दाराआड होती. तिनंही ऐकलं.

भुजंग जेवायला आला तेव्हा मी ताट वाढून पुढ्यात बसले. "तू बघितलंस?"

"काय?"

"लिंबाजीला. डबा आणताना."

"आई, डबा रांगेत आला कसा, हे मला इचारायलेत. काय सांगू? मी खांबापाशी हुतो म्हणू? नोकरी तर जाईलच, वर मलाच आत घालतील. कुणाचं तरी नाव पाह्यजेच ना त्यांना."

"आन लिंबाजी?"

"सुटंल की तो. खरी माणसं घावली की सुटंल."

"तवर?"

त्यानं तांब्या उचलला, निम्मा प्याला आणि उरलेलं पाणी अंगणात फेकलं. ते पहिल्यांदा. मला वाटलं, चुकून सांडलं.

मी लुगडं बदललं आणि ठाण्यावर गेले. सिंधूनं विचारलं, "आत्याबाई, कुठं?" म्हणलं, "माझी घागर आणाया."

आत दुसराच मोठा साहेब बसला होता, बाहेरून तपासाला आलेला. बोलणं पुस्तकातलं, पण माणूस ऐकणारा वाटला. फौजदार कडेला बसून लिहीत होता आणि भुजंग दारापाशी सावधानमधी उभा.

"बोला आजी. काय पाहिलं तुम्ही?"

"लिंबाजीनं डब्याला हात लावला न्हाई."

"जमादार तर म्हणतात, त्यानं हातात धरून आणला. हे तुमचे चिरंजीव ना?"

"माझाच हाय. म्हणून तर मला यावं लागलं."

"हात लावला नाही हे इतक्या खात्रीनं कसं सांगता?"

"तो वळख नसलेल्या भांड्याला हात लावत न्हाई, साहेब. काठीनं सरकवतो. दगड काठीनं पाडला, ताटली काठीनं काढली. नळी तेवढी हातानं धरली."

"काठीनं? का?"

त्या खोलीत तेवढ्या एकाच माणसाला हे ठाऊक नव्हतं, किंवा ते माझ्या तोंडून वदवायचं होतं. फौजदारानं पंख्याकडं पाहिलं. भुजंगानं बुटाकडं. मी आयुष्यात पाटलांना, तलाठ्याला, सावकाराला तोंडावर बोलले आहे. पण हे एवढं वाक्य जिभेवर आणायला मला घोटभर पाणी लागलं असतं, आणि ते मागायची सोय नव्हती.

"डबा आमच्यापैकी कुणाचा असला, तर त्याच्या हातानं बाटंल म्हणून."

साहेबानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "हे तुम्ही पाळता?"

"पाळतो."

"तुम्हीसुद्धा?"

"माझ्या घागरीला पोचे हायत. बाहेर ढिगात पडलीय, बघून या. काठीचे पोचे हायत ते."

"आजी, हा कायद्यानं गुन्हा आहे. माहीत आहे तुम्हाला?"

"मग लिवा की माझ्यावर! नाव नागुबाई, राहणार बोरखडी. पर आधी त्याला सोडा. माझा गुन्हा खरा असला तर त्याचा खोटा हाय. दोन्ही एका वक्ताला खरे हुईत न्हाईत."

फौजदार पुटपुटला, "सर, म्हातारीला ऊन लागलंय."

"ऊन न्हाई रं, मी डोळ्यानं बघितलेलं सांगते. लिंबाजीच्या डोळ्यात फूल हाय, माझ्या न्हाई."

साहेबानं त्याला हातानं गप्प केलं. "शेवटचं एक विचारतो. डबा रांगेत आला तेव्हा तुमचा मुलगा कुठं होता?"

मी दाराकडं पाहिलं. भुजंगानं मान हलवली, अगदी थोडी. लहानपणी काही फोडलं की बापाला सांगू नको म्हणून अशीच हलवायचा, आणि मी कधी सांगितलं नव्हतं.

"मंडपाच्या खांबापाशी," मी म्हणलं. "साहेब लोकांकडं तोंड आन रांगेकडं पाठ."

आतल्या खोलीतून कुणीतरी खोकलं. खोकला लिंबाजीचा होता, पण त्याच्या शेवटी जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. साहेब उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. फौजदाराला म्हणाला, "त्याला आता कुणीही हात लावायचा नाही."

हुकूम चांगला होता. उशिरा आला.

खरी माणसं पुढं दुसऱ्याच मुलखात सापडली, तेव्हा लिंबाजी घरी आला. उजव्या हाताची बोटं दारात चेंगरल्यासारखी झाली होती. चेंगरली कशी, हे ठाण्यात कुणालाच आठवत नव्हतं. माझ्यावर कुणी काही लिहिलं नाही. भुजंगावरही नाही. साहेब त्याच्या गावाला गेला आणि ठाण्यानं आपलं झाकून घेतलं. बॉम्ब निकामी झाला होता, मंत्री वाचला होता, मग कुणाला तरी शाबासकी पाहिजेच. वरून कागद आला. वेळेवर दाखवलेल्या सावधगिरीबद्दल बक्षीस, जमादार भुजंग.

मी लिंबाजीच्या घरी गेले. त्याच्या उंबऱ्यात मी कधी पाय ठेवला नव्हता. पंचफुला त्याला पाणी पाजत होती, डाव्या हातानं धरताना त्याच्या सदऱ्यावर सांडत होतं.

"लिंबाजी, टँकर आला की माझी घागर सरकवशील का?"

"कशानं, पाटलीणबाय? काठी ठाण्यात जमा हाय."

"हातानं."

त्यानं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. मग तो मोडका हात मांडीवरून उचलून त्यानं माझ्यापुढं धरला. "हात कामातनं गेला, तवा आठवला व्हय तुम्हाला?"

पंचफुलानं मला बस म्हणलं नाही. मी उभीच होते, तशीच निघाले.

आज भुजंग पेढे घेऊन आला. सहायक फौजदार झालाय. लातुराला बदली, राहायला सरकारी घर, घरात नळ. सिंधूला म्हणाला, "आता रांगेत उभं राहायचं कामच न्हाई." मग तांब्या मागितला, निम्मा प्याला, उरलेलं अंगणात फेकलं, आणि पेढा हातात घेऊन माझ्या पायाशी वाकला. "आई, आशीर्वाद दे."

मी पाय मागं घेतले.

"उठ. पेढा ठिव खाली. सिंधू, तू हिकडं ये, तुला साक्षीला ऐकायचंय. भुजंगा, मी मरंन तवा तू ये. खांदा दे, अग्नी दे, लोकाला दिसाया पाह्यजे ते समदं कर, तुला ते जमतं. पर जीव जाताना माझ्या तोंडात पाणी तू घालायचं न्हाई. लिंबाजीला बोलवायचं. हुकूम करून न्हाई, त्याच्या दारात जाऊन, हात जोडून. त्यानं त्याच्या त्या मोडक्या हातानं घालावं. थरथरला तर थरथरू दे, सांडलं तर माझ्या अंगावर सांडू दे. आन तो येत न्हाई म्हणला, तर तेवढा त्याचा हक हाय. मी कोरड्या तोंडानं जाईन. पर तुझ्या हातचं पाणी मला नको."